बीजालाही शेत लागते

बीज आणि क्षेत्र ही जोडी आपल्या विचारात फार जुनी आहे. अपत्य बीज पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे, या प्रश्नाची दीर्घ चर्चा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. पुरुषाकडे बीज आणि स्त्री हे क्षेत्र, ही वाटणी तिथे गृहीतच धरलेली आहे. या वाटणीत एक समजूत दडलेली आहे. बीज आपल्या ठायी पूर्ण असते, त्याला फक्त पडायला जागा हवी. सांभाळणे, पोसणे, वेळ राखणे ही कामे क्षेत्राची. पुरुषाच्या शरीरात हे बीज तयार होते कसे, याचा शोध घेणाऱ्या युरोपीय शास्त्रज्ञांच्या मनातही दीर्घ काळ याच्या जवळपासची समजूत होती. वृषणातली जननपेशी स्वतःच्या बळावर शुक्राणू होते आणि फार तर दूरच्या एखाद्या ग्रंथीचा हुकूम तिला पोचावा लागतो, असे चित्र त्यांनी रंगवले होते. या समजुतीला तडे कसे गेले, त्याचा इतिहास इथे मांडायचा आहे. तो दीडशे वर्षांचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मला निःसंदिग्ध वाटतो: ज्याला आपण निव्वळ बीजाचे कोठार समजतो त्या वृषणातही एक शेत आहे. मूलपेशीने मूलपेशीच राहायचे की शुक्राणू होण्याच्या वाटेला लागायचे, हे त्या शेतातल्या शेजारी पेशी ठरवतात. वाढीचा निरोप नेणारी काही प्रथिने त्या पाझरवतात, आणि त्या प्रथिनांच्या मात्रेवर हा निर्णय होतो.

गोष्ट सुरू होते ती बीजाकडेच लागलेल्या डोळ्यांनी. १६७७ साली डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने आपल्या भिंगाखाली वीर्यातले वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. पुढे दीड शतक हे जीव म्हणजे काय यावर वाद चालला; ते वीर्यात राहणारे परजीवी असावेत असे मानणारेही पुष्कळ होते. १८४१ साली आल्बर्ट फॉन क्योलिकरने ते वृषणातल्याच पेशींपासून घडतात हे दाखवले, तेव्हा तो वाद मिटला. साहजिकच सगळे लक्ष त्या घडणाऱ्या पेशींकडे गेले. १८६५ साली इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या एन्रिको सर्टोली या तेवीस वर्षांच्या तरुणाने मात्र दुसरेच काही पाहिले. वृषणातल्या बारीक नलिकांच्या भिंतीला बुंधा टेकवून आतल्या पोकळीपर्यंत पोचलेल्या, सर्व बाजूंनी फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी त्याने वर्णन केल्या. या पेशींच्या खाचाखोचांत जननपेशी वसलेल्या होत्या. शुक्राणूंच्या निर्मितीशी या पेशींचा संबंध असावा, हे सर्टोलीने तेव्हाच ओळखले होते. पुढे तो मिलानच्या पशुवैद्यक विद्यालयात प्राध्यापक झाला, त्या पेशींना त्याचे नावही मिळाले. पण शरीररचनेच्या पुस्तकांत त्यांचे वर्णन झाले ते ‘आधारपेशी’ असे. घराच्या खांबाला जेवढे महत्त्व, तेवढेच त्यांना मिळाले. फार झाले तर त्यांना ‘दाईपेशी’ म्हटले गेले. पण दाई मुलाचे भवितव्य ठरवते, असे कोणी म्हणत नव्हते.

असे होण्यामागे कारण होते. त्याच काळात शरीरशास्त्रात एक मोठा विचार आकार घेत होता आणि तो दूरच्या संदेशांचा होता. १८४९ साली ग्यॉटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्डने कोंबड्यांचे वृषण काढून पोटात दुसरीकडे बसवले. तरीही ते कोंबडे आरवत राहिले, त्यांचे तुरे टिकले. मज्जातंतूंचा जुना धागा तुटला असूनही परिणाम होतो, तेव्हा काहीतरी रक्तावाटे जात असले पाहिजे. पुढच्याच वर्षी फ्रांट्स लायडिग याने नलिकांच्या मधल्या जागेतल्या पेशींचे वर्णन केले; पुरुष संप्रेरक तिथे तयार होते हे कळायला पुढे अनेक दशके लागली. १९३०च्या सुमारास अमेरिकेत फिलिप स्मिथने उंदरांच्या मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी काढण्याचे तंत्र पक्के केले, आणि ती काढताच वृषण आक्रसतात हे निर्विवाद ठरले. १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी ते रसायनशाळेत तयारही झाले, आणि त्या कामाचा १९३९च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. एवढे भरघोस यश मिळालेल्या विचाराने सगळे अवकाश व्यापावे यात नवल नाही. पियुषिका हुकूम सोडते, वृषण तो पाळतो, असे सरळ चित्र तयार झाले. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. हुकूम आला हे खरे. पण तो कोणाच्या हातात पडला आणि त्याने तो पुढे कोणत्या भाषेत सांगितला, हा प्रश्न त्या चित्रात नव्हताच.

तो प्रश्न पुढे आला तो नलिकांच्या आतल्या व्यवस्थेचा नकाशा तयार झाल्यावर. १९५२ साली मॉन्ट्रियलमध्ये लेब्लाँ आणि क्लेर्माँ या जोडीने उंदराच्या मोठ्या जातीतल्या, म्हणजे रॅटच्या, नलिकांचे छेद तपासून शुक्रजननाच्या चक्राचे १४ टप्पे ठरवले. लहान उंदरात, म्हणजे माऊसमध्ये, हेच टप्पे १२ भरतात आणि एका जननपेशीचा शुक्राणू व्हायला साधारण ३५ दिवस लागतात. माणसात तेच काम सुमारे ७४ दिवस चालते. हा कारखाना वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू राहतो, तेव्हा त्याच्या मुळाशी न संपणारी पेशी असलीच पाहिजे. १९७१ साली क्लेअर हकिन्स आणि यूजीन ओकबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडले की नलिकेच्या तळाशी एकेकट्या असणाऱ्या काही पेशी याच त्या मूलपेशी. १९९३ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या मोजणीनुसार उंदराच्या एका वृषणात अशा पेशी अवघ्या ३५,००० च्या आसपास, एकूण जननपेशींच्या ०.०३ टक्के. याच सुमारास आणखी एक गोष्ट माहीत झालेली होती. १९७० साली डिम आणि फॉसेट यांनी दाखवले होते की शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की रक्तातले पदार्थ त्यांच्यामधून आत जाऊच शकत नाहीत. अर्ध्यावर पोचलेल्या जननपेशी या तटबंदीच्या आत असतात. म्हणजे बाहेरचा कोणताही निरोप त्यांच्यापर्यंत पोचायचा तर तो सर्टोली पेशीच्या अंगणातूनच जायला हवा. ज्यांना आपण खांब म्हणत होतो, त्या वेशीवरच्या पेशी होत्या.

पण वेशीवर कोणी असणे वेगळे आणि त्याने काही ठरवणे वेगळे. ठरवण्याचा पहिला भक्कम पुरावा अनपेक्षित जागेतून आला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बार हार्बर गावातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल यांनी दोन प्रकारचे उंदीर वर्षानुवर्षे अभ्यासले. दोन्ही पांढरे, दोन्ही रक्तक्षयी, दोन्हींचे नर वंध्य. वरून पाहता एकच दोष. पण एकाचा दोष ‘डब्ल्यू’ नावाच्या जनुकात होता आणि दुसऱ्याचा ‘स्टील’ नावाच्या, वेगळ्याच गुणसूत्रावरच्या जनुकात. निरोगी उंदराची अस्थिमज्जा दिली तर डब्ल्यूचा रक्तक्षय बरा होई, स्टीलचा होत नसे. याचा अर्थ उघड होता. डब्ल्यूमध्ये बी नासके होते, स्टीलमध्ये माती. १९८८ साली डब्ल्यूच्या जागी ‘किट’ नावाच्या ग्राहीचे जनुक सापडले. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा निरोप झेलणारा रेणू. १९९० साली अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवले की स्टील जनुकापासून तयार होणारे प्रथिन हाच तो निरोप. वृषणात किट असते जननपेशीवर आणि निरोप तयार करते सर्टोली पेशी. त्यातही एक बारकावा असा: स्टीलच्या एका वाणात हे प्रथिन तयार होते, पण सुटे होऊन वाहून जाते, पेशीच्या आवरणाला चिकटून राहत नाही. ते नरही वंध्यच असतात. रक्तात निरोप भरपूर असून उपयोग नाही. तो शेजारणीने अंगाला अंग लावून द्यावा लागतो. दूरच्या हुकमांच्या चित्रावरचा हा पहिला खरा घाव होता.

आता गरज होती ती मूलपेशी ओळखण्याच्या खात्रीच्या कसोटीची, कारण ती दिसायला शेजारच्या पेशींसारखीच असते. ती कसोटी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यक विद्यालयात राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ साली दिली. ज्या उंदरांच्या पेशी एका जिवाणूच्या जनुकामुळे रंगद्रव्यात निळ्या होतात त्यांच्या वृषणातल्या पेशी त्यांनी घेतल्या आणि दुसऱ्या उंदरांच्या रिकाम्या नलिकांत बारीक काचनळीने सोडल्या. काही उंदीर जन्मतःच जननपेशींविना होते, काहींच्या नलिका बुसल्फान या कर्करोगावरच्या औषधाने रिकाम्या केलेल्या होत्या. काही महिन्यांनी त्या नलिकांत निळे पट्टे उमटले, शुक्राणू तयार झाले, आणि त्या शुक्राणूंपासून पिलेही जन्मली. जी पेशी रुजून असा पट्टा तयार करते तीच मूलपेशी. पट्टे मोजले की मूलपेशी मोजता येतात. याच प्रयोगशाळेत २००० साली ताकेहिको ओगावा आणि सहकाऱ्यांनी या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग केला. वंध्य स्टील उंदराच्या जननपेशी त्यांनी वंध्य डब्ल्यू उंदराच्या नलिकांत पेरल्या. एकाचे बी चांगले पण माती नासकी, दुसऱ्याची माती चांगली पण बी नासके. दोन वंध्य जिवांपासून एक प्रजननक्षम जीव तयार झाला. रसेल यांच्या उंदरांनी अनेक दशके जे सुचवले होते ते इथे डोळ्यांनी पाहता आले. वृषणात बी आणि शेत हे दोन वेगळे घटक आहेत आणि त्यांतला कोणताही एक बिघडला तरी पीक येत नाही.

तरीही एक कोडे उरले होते. किटला मिळणारा निरोप पुढे जाण्याचा आहे. १९९१ साली जपानी संशोधकांनी किटला अडवणारे प्रतिपिंड उंदरांना दिले तेव्हा विकासाच्या वाटेला लागलेल्या पेशी थांबल्या, पण तळाशी असलेल्या अविकसित पेशी तशाच टिकल्या. मग त्यांना टिकवणारा निरोप कोणता? उत्तर मेंदूच्या संशोधनातून आले. १९९३ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे एका संशोधक गटाने चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींच्या एका वाणापासून एक प्रथिन वेगळे केले. कंपवातात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात त्यांना ते जगवते, म्हणून त्याच्यावर मोठ्या आशा होत्या. त्याचे नाव जीडीएनएफ. १९९६ साली तीन गटांनी हे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना मूत्रपिंडेच नव्हती, आतड्यांतले मज्जाजाळे नव्हते, आणि ते जन्मताच दगावले. जन्मताच मेलेल्या उंदराच्या वृषणाबद्दल काही सांगता येत नाही. फिनलंडच्या हेलसिंकीत हान्नू सारिओला यांच्या गटाने ही अडचण दोन बाजूंनी सोडवली. जनुकाची एकच प्रत शाबूत असलेले उंदीर जगतात. त्यांच्यात हे प्रथिन निम्मे. दुसरीकडे त्यांनी हे प्रथिन वृषणात जास्त तयार करणारे उंदीर वाढवले. श्याओजुआन मेंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले निकाल एकमेकांच्या अगदी उलट होते. कमी प्रथिनाच्या उंदरांत नलिका हळूहळू मूलपेशींनी रित्या होत गेल्या. जास्त प्रथिनाच्या उंदरांत अविकसित पेशींचे ढिगारे साचले, त्या पुढे सरकेनात, आणि नर वंध्य राहिले. पुढच्या वर्षी त्याच गटाने सांगितले की हे नर म्हातारे झाल्यावर त्यांच्या वृषणात गाठी होतात.

या दोन टोकांच्या निकालांत या साऱ्या इतिहासाचा अर्थ सामावलेला आहे. प्रथिन असणे किंवा नसणे एवढाच प्रश्न असता तर जास्त दिल्याने जास्त शुक्राणू व्हायला हवे होते. तसे होत नाही. जीडीएनएफ ‘थांब, स्वतःसारखीच दुसरी तयार कर’ असे सांगते. स्टीलचे प्रथिन ‘चल पुढे’ असे सांगते. दोन्ही निरोप सर्टोली पेशीकडून निघतात. बी राखून ठेवावे किती आणि पेरावे किती, हा शेतकऱ्याचा दरवर्षीचा हिशेब असतो. सगळे पेरले तर पुढच्या वर्षी हाती काही उरत नाही, सगळे राखले तर यंदा घरात दाणा येत नाही. वृषणात हा हिशेब मूलपेशी स्वतः ठेवत नाही, तिच्याभोवतीच्या पेशी ठेवतात. हा केवळ तर्क नाही, याची परीक्षाही झाली. २००३ साली क्योतोत ताकाशी शिनोहारा यांच्या गटाने आणि २००४ साली फिलाडेल्फियात कुबोता, एव्हरबॉक आणि ब्रिन्स्टर यांनी उंदराच्या मूलपेशी काचेच्या तबकडीत महिनोन्‌महिने वाढवून दाखवल्या. सर्टोली पेशींची जागा तिथे भरून काढली ती जीडीएनएफ आणि त्याच्या जोडीला दिलेल्या मोजक्या वाढघटकांनी. जीडीएनएफ काढून घेतले की मूलपेशींची वाढ ढासळते. तबकडीतल्या पेशी पुन्हा वंध्य उंदरात सोडल्या तेव्हा त्यांच्यापासून पिले जन्मली. शेताचे सार एखाद्या द्रवात उतरवता येते, याहून मोठा पुरावा मागण्याचे कारण नाही.

तरी आक्षेप घेता येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप संप्रेरकांच्या बाजूने. पियुषिकेतून येणारे एफएसएच हे संप्रेरक सर्टोली पेशीला जीडीएनएफ जास्त तयार करायला लावते, हे दाखवले गेले आहे. मग खरा धनी पियुषिकाच, सर्टोली पेशी नुसती मुनीम, असे का म्हणू नये? याचे उत्तर दोन पुराव्यांत आहे. १९९७ साली ह्यूस्टनमध्ये राजेंद्र कुमार, मार्टिन मॅटझुक आणि सहकाऱ्यांनी एफएसएच तयारच होत नाही असे उंदीर वाढवले. माद्या वंध्य निघाल्या. नरांचे वृषण लहान राहिले, पण त्यांना पिले झाली. म्हणजे तो हुकूम न येताही हिशेब चालू राहतो, फक्त पीक थोडके येते. टेस्टोस्टेरॉनविना मात्र काम अडते, हे खरे. पण ते कोणाच्या हातून काम करते? २००१ साली असे दिसले की टेस्टोस्टेरॉनचा ग्राही नसलेल्या जननपेशी निरोगी नलिकेत पेरल्या तर त्यांचे शुक्राणू होतात. उलट २००४ साली बेल्जियममधल्या लूव्हेन येथे फक्त सर्टोली पेशींतून तो ग्राही काढला तेव्हा शुक्रजनन अर्ध्यावर थांबले. संप्रेरकाचे पत्र जननपेशीच्या नावे नसतेच. त्यावर पत्ता सर्टोली पेशीचा असतो. पियुषिकेचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही. दूरचा हुकूम आणि जवळचा निर्णय ही दोन वेगळी कामे आहेत, एवढेच ठरते.

दुसरा आक्षेप बीजाच्या बाजूने आहे आणि मला तो अधिक कठीण वाटतो. ब्रिन्स्टर यांच्याच प्रयोगशाळेत १९९६ साली रॅटच्या मूलपेशी माऊसच्या नलिकांत पेरल्या गेल्या आणि तिथे रॅटचे शुक्राणू तयार झाले. १९९८ साली त्यांचे वेळापत्रक तपासले. माऊसमध्ये एक चक्र ८.६ दिवसांचे असते, रॅटमध्ये १२.९ दिवसांचे. माऊसच्या सर्टोली पेशींच्या कुशीत वाढणाऱ्या रॅटच्या पेशींनी आपले १२.९ दिवसांचेच चक्र पाळले. मग शेताचे राज्य कुठे राहिले? या निकालाकडे डोळेझाक करून चालणार नाही. तो शेताची मर्यादा आखून देतो. शुक्राणू कशाचा होणार आणि वाटेला लागल्यावर किती वेगाने चालणार, हे बीजातच लिहिलेले आहे. शेत ते खोडू शकत नाही. पण वाटेला लागायचे की नाही, किती जणींनी लागायचे आणि किती जणींनी मागे राहायचे, हे शेत ठरवते. ज्वारीच्या पेरणीतून गहू उगवत नाही आणि ज्वारीचे पीक गव्हाच्या मुदतीत येत नाही. तरी पेरणी केव्हा आणि किती, हे बियाणे ठरवत नाही. माझा दावा या दुसऱ्या गोष्टीपुरता आहे आणि तेवढ्यापुरता तो या प्रयोगानेही ढळत नाही.

तिसरा आक्षेप असा की मी सर्टोली पेशीला फार मोठे केले आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. नलिकेला बाहेरून वेढणाऱ्या स्नायूसारख्या पेशीही जीडीएनएफ तयार करतात, आणि २०१६ साली त्यांच्यातून ते काढून टाकल्यावर अविकसित जननपेशी कमी होत गेल्या. अ-जीवनसत्त्वापासून मिळणाऱ्या रेटिनॉइक आम्लाविना पेशी विकासाच्या वाटेला लागतच नाहीत, आणि ते प्रथिन नव्हे. जपानमध्ये शोसेई योशिदा यांच्या गटाने २००७ साली दाखवले की मूलपेशी नलिकेत कुठेही विखुरलेल्या नसतात, नलिकेबाहेरच्या रक्तवाहिन्यांच्या जवळ त्या अधिक आढळतात. २०१४ साली त्यांनी आणखी धक्का दिला: मूलपेशी म्हणजे कायम एकट्या राहणाऱ्या पेशी नव्हेत; त्या जोडल्या जातात, साखळ्या होतात, साखळ्या तुटून पुन्हा सुट्या होतात. २०१९ साली त्यांनी असे मांडले की लसिकावाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एफजीएफ गटातली प्रथिने मर्यादित प्रमाणात पाझरवतात, हिंडणाऱ्या मूलपेशींना ती वाटून घ्यावी लागतात, आणि मूलपेशींची संख्या या पुरवठ्यावर ठरते. तेव्हा शेत म्हणजे एकटी सर्टोली पेशी नव्हे. पण या प्रत्येक शोधाने मूळ मुद्द्याला बळच दिले आहे. मूलपेशीपण हा एखाद्या पेशीच्या अंगचा कायमचा गुण नसून आवारात मिळणाऱ्या निरोपावर टिकणारी अवस्था आहे, हे २०१४ आणि २०१९ च्या कामाने आधीपेक्षा स्पष्ट केले. सर्टोली पेशीला पहिला मान द्यायचा तो ती त्या आवाराची सर्वांत मोठी रहिवासी आहे म्हणून. उंदराच्या पिलांत या पेशींची संख्या वाढवली तर मोठेपणी मूलपेशींसाठीच्या जागाही वाढतात. माणसात आणि उंदरात वयात आल्यावर सर्टोली पेशींची संख्या वाढणे थांबते. शेताचे क्षेत्रफळ लहानपणीच मोजले जाते.

शेवटचा प्रश्न माणसाचा. उंदराचे सगळे माणसाला लागू करणे घाईचे आहे. माणसाच्या मूलपेशी वेगळ्या दिसतात, कमी वेळा विभागतात, आणि उंदराइतक्या भरवशाने त्या तबकडीत वाढवणे अजून सर्वमान्य झालेले नाही. पण जीडीएनएफ झेलणारा ग्राही माणसाच्या अविकसित जननपेशींवरही आहे, म्हणजे निरोपाची भाषा समान आहे. त्यामुळे एका जुन्या निदानाकडे नव्याने पाहायला हवे. १९४७ साली ब्युनोस आयरेसच्या देल कास्तिल्यो आणि सहकाऱ्यांनी अशा वंध्य पुरुषांचे वर्णन केले ज्यांच्या नलिकांत जननपेशी नाहीत, केवळ सर्टोली पेशी आहेत. त्या विकाराला नावच ‘केवळ सर्टोली पेशी’ असे पडले. या नावात शेत ठीक आहे आणि बी नाही, असे गृहीत धरलेले आहे. काही रुग्णांत ते खरेही आहे, कारण वाय गुणसूत्राचा तुकडा हरवल्याने जननपेशी टिकत नाहीत. पण प्रत्येक रुग्णात शेत शाबूत आहे असे न तपासता म्हणणे, हे आता शास्त्राला धरून नाही. कर्करोगाच्या उपचारांनी ज्या लहान मुलांच्या मूलपेशी नष्ट होतात त्यांचाही प्रश्न इथेच जोडलेला आहे. त्यांचे शुक्राणू साठवता येत नाहीत, कारण ते अजून झालेलेच नसतात. साठवता येतो तो वृषणाचा कण, त्यातल्या मूलपेशींसह. २०१२ साली रीसस माकडांत अशा मूलपेशी त्यांच्याच वृषणात परत सोडून शुक्राणू मिळवण्यात यश आले. २०१९ साली वयात न आलेल्या नराचा गोठवलेला वृषणाचा तुकडा त्याच्याच त्वचेखाली बसवून मिळालेल्या शुक्राणूपासून माकडाचे एक पिलू जन्मले. या प्रयत्नांत मूलपेशी सांभाळण्याइतकेच महत्त्व ती जिथे रुजायची त्या नलिकेच्या प्रकृतीला आहे.

आपल्याकडे मूल न होण्याचा दोष आजही आधी स्त्रीवर, म्हणजे जुन्या भाषेत क्षेत्रावर, ढकलला जातो, आणि पुरुषाची तपासणी झालीच तर ती शुक्राणूंच्या मोजणीशी थांबते. सर्टोलीच्या सूक्ष्मदर्शकापासून हेलसिंकीच्या उंदरांपर्यंतचा इतिहास या दोन्ही सवयी चुकीच्या ठरवतो. बीज आणि क्षेत्र ही पुरुष आणि स्त्री यांच्यातली वाटणी नाही. ती दोघांच्या शरीरात आहे, पुरुषाच्या वृषणातही आहे. शुक्राणूंचा आकडा म्हणजे शेवटी हाती आलेले पीक. ते का आले नाही हे शोधायचे तर माती आणि बियाणे दोन्ही तपासावी लागतात, आणि ते तपासण्याची साधने आता विज्ञानाच्या हाती येत आहेत.